परवाना : अरबी समुद्र ओलांडणाऱ्यांच्या कागदाचा इतिहास



आमच्या कोकणातल्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती. आमची आजी, तिला आम्ही सर्वजण दादी म्हणत असू, ती पेटी कोणाला उघडू देत नसे. लहानपणी आम्हां भावंडांना वाटे की तीत दागिने असावेत. दादी अल्लाला प्यारी झाल्यावर वडिलांनी पेटी उघडली, तेव्हा तीत निघाले ते केवळ कागद. आजोबा १९७४ साली बोटीने हजला गेले होते, त्या वेळचा त्यांचा यात्रेकरू पास. मुंबई ते जिद्दा या प्रवासाच्या तिकिटाचा अर्धा तुकडा. लस टोचल्याचा दाखला. आणि सर्वांत खाली कापडात गुंडाळलेले दादीचे स्वतःचे पारपत्र. ते मी उलटून पाहिले. पहिल्या पानावर डोक्यावर पदर घेतलेल्या दादीचा फोटो, खाली अंगठा. पुढची सगळी पाने कोरी होती. त्यांवर एकही शिक्का नव्हता.

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. सनावळ्या, तह आणि लढाया यांत वर्ष निघून जाते. परंतु त्या पेटीने माझ्यापुढे असा एक प्रश्न ठेवला की जो आमच्या पाठ्यपुस्तकात नाही. माणसाला समुद्र ओलांडण्यास कागद लागू लागला तो कधीपासून? तो कोणी मागितला, आणि कशासाठी? आणि ज्याला तो कागद वाचता येत नाही, त्याचे काय होते? या स्मरणिकेच्या वाचकांपैकी असे घर क्वचितच असेल की ज्यातील कोणीतरी आखातात, आफ्रिकेत अथवा हजला गेलेले नाही. तेव्हा हा इतिहास परक्यांचा नसून आपलाच आहे, असे समजून तो वाचावा ही विनंती.

शब्द काय सांगतात

प्रथम शब्द पाहू. ‘पासपोर्ट’ हा शब्द फ्रेंच भाषेतून आला. त्यातील पहिल्या भागाचा अर्थ ओलांडणे, व दुसऱ्याचा बंदर किंवा वेस. ‘व्हिसा’ हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ ‘पाहिलेले’ एवढाच. म्हणजे, हा कागद आम्ही पाहिला, अशी खूण. आपल्याकडील ‘परवाना’ आणि ‘दस्तक’ हे शब्द फारसी आहेत. दस्त म्हणजे हात. अरबीत पासपोर्टला ‘जवाज़’ म्हणतात, आणि आपण रोज वापरतो तो ‘जायज’ हा शब्द त्याच धातूपासून झालेला आहे. ज्याच्याजवळ जवाज़ आहे त्याचे जाणे जायज, एरवी नाजायज, असा हा सरळ हिशेब आहे.

या कागदांत आपली नेहमी गल्लत होते, म्हणून फरक सांगतो. पारपत्र देते आपले स्वतःचे सरकार. हा माणूस आमचा आहे, असे ते जगाला सांगते. व्हिसा देते दुसऱ्याचे सरकार. याला आमच्या दारापर्यंत येऊ द्या, असे ते म्हणते. आणि शिक्का मारतो तो दारावरचा अधिकारी. अमुक तारखेस हा आत आला, अमुक तारखेस बाहेर गेला, ही त्याची नोंद. व्हिसा असूनही दारावरून परत पाठवता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

वाळूवरची पावले

पारपत्र ही इंग्रजांनी आणलेली वस्तू आहे, असा एक समज आहे. तो खरा नाही. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३२६ साली इजिप्तहून शामकडे, म्हणजे सीरियाकडे, निघाला. वाटेत कतया नावाचे नाके होते. इजिप्तच्या परवान्यावाचून कोणाला शामला जाता येत नसे, आणि शामच्या परवान्यावाचून इजिप्तमध्ये येता येत नसे. लोकांच्या मालमत्तेचे रक्षण व्हावे आणि इराककडील हेर आत येऊ नयेत, अशी दोन्ही कारणे तो देतो. तेथील पहाऱ्याची रीत ऐकण्यासारखी आहे. रात्र पडली की वाळवंटातील बदू लोक वाटेवरची वाळू सारखी करीत. सकाळी अंमलदार येऊन ती वाळू पाही. तीवर पाऊल उमटलेले दिसले की तो बदूंना हुकूम करी, जा, या पावलाचा माणूस धरून आणा. आणि ते आणीत.

पुढे १३३३ साली हाच इब्न बतूता सिंधू नदीवर पोहोचला. तेव्हा दिल्लीच्या गादीवर मुहम्मद तुघलक होता. नव्याने आलेल्या परकीयाचे रूप, पेहराव, बरोबरची माणसे व जनावरे यांचे वर्णन सुलतानाचे बातमीदार लिहून पाठवीत. मुलतानला त्याच्याकडून लेखी घेण्यात आले की आपण हिंदुस्थानात राहावयास आलो आहोत. पुढे तो दौलताबादेस आला आणि आपल्या किनाऱ्याने गोव्यास व होनावरासही गेला. सांगावयाचे ते हे की, येणाऱ्याचे वर्णन लिहून घेणे आणि तू कशासाठी आलास हे विचारणे, ही रीत पावणेसातशे वर्षांहून जुनी आहे. मात्र तेव्हा ती नाक्यापुरती व राजदरबारापुरती होती. समुद्र मोकळा होता. ज्याला वारा कळतो त्याला वाट मोकळी, असा अरबी समुद्राचा कायदा होता.

समुद्रावर पहिले कुलूप

ते कुलूप लावले पोर्तुगीजांनी. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला, आणि १५०२ च्या सुमारास पोर्तुगीजांनी अरबी समुद्रातील गलबतांना ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सक्तीचा करण्यास सुरुवात केली. गलबताचे नाव, नाखव्याचे नाव, गलबताचा आकार, त्यावरील शस्त्रे आणि जाण्याचे ठिकाण हे सर्व त्यात लिहिलेले असे. गलबताने पोर्तुगीजांच्या बंदरात येऊन जकात भरावी, ही त्यातली खरी गोम होती. कार्ताझ नसलेले गलबत सापडले तर माल जप्त, आणि माणसांचे नशीब.

हजला जाणाऱ्यांपुढे तर निराळाच पेच उभा राहिला. बदायुनी हा अकबरकालीन इतिहासकार लिहितो की, मखदूम-उल-मुल्क या बड्या आलिमाने हज फर्ज नसल्याचा फतवा दिला. कारण काय? खुष्कीची वाट शिया इराणातून जाते, आणि समुद्राने जावे तर पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा लागतो, ज्यावर मरियम व ईसा यांच्या तसबिरी असतात. एका कागदावरील चित्रामुळे एवढा मोठा प्रश्न निर्माण झाला होता!

परंतु जाणारे थांबले नाहीत. बाबराची मुलगी, अकबराची आत्या गुलबदन बेगम ही शाही घराण्यातील स्त्रियांसह १५७५ साली फत्तेपूर शिक्रीहून हजला निघाली. ती सुरतेस पोहोचली आणि अडकली. पोर्तुगीजांच्या परवान्यासाठी या बादशाहाच्या आत्यालाही सुमारे एक वर्ष थांबावे लागले, आणि १५७६ साली तिचे जहाज सुटले. ज्यांना कधी काळी कचेरीच्या बाकावर बसून राहावे लागले असेल, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरी हकीकत १६१३ सालची. जहांगीर बादशाहाच्या आईच्या मालकीचे ‘रहीमी’ नावाचे मोठे जहाज लाल समुद्राच्या वाटेवर ये-जा करीत असे. त्या साली पोर्तुगीजांनी ते सुरतेजवळ पकडले व शेकडो माणसांसह गोव्याला नेले. जहाजावर कार्ताझ होता! तो नियमाप्रमाणे घेतलेला होता. जहांगीर संतापला. त्याने दमणला वेढा घालविला आणि पोर्तुगीजांचा व्यापार बंद पाडला. या हकीकतीतून विद्यार्थ्यांना मी एकच गोष्ट सांगतो, ती अशी की कागदाची किंमत कागदात नसते, तो देणाऱ्याच्या शब्दात असते. आणि तो शब्द मोडला गेला तर जाब विचारणारा कोणीतरी पाठीशी असावा लागतो. रहीमीच्या पाठीशी बादशाह होता. साध्या गलबतवाल्याच्या पाठीशी कोण होते?

पुढे आपल्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे यांनी हाच प्रश्न उलटा फिरवला. कोकणच्या समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी गलबतांनी आपले दस्तक घेतले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. मुंबईच्या इंग्रजांनी तो मानला नाही व त्यावरून लढाया झाल्या. इंग्रज आपल्या पुस्तकांतून आंग्र्यांना चाचे म्हणतात. पण स्वतःच्या पाण्यावर परवाना मागणे म्हणजे चाचेगिरी, तर मग पोर्तुगीजांनी व इंग्रजांनी दुसऱ्याच्या पाण्यावर परवाने दिले त्याला काय म्हणावे? असो.

मुंबई ते जिद्दा

१८६९ साली सुएझ कालवा खुला झाला. शिडांच्या जागी आगबोटी आल्या आणि मुंबई हे हजचे प्रमुख बंदर झाले. तथापि गर्दीबरोबर रोगही गेला. १८६५ साली हजच्या वेळी कॉलऱ्याची भयंकर साथ आली व ती युरोपपर्यंत पोहोचली. तेव्हापासून यात्रेकरूकडे सगळे जग संशयाने पाहू लागले. तुर्कांनी १८८२ साली लाल समुद्रातील कामरान बेटावर क्वारंटाइनचे ठाणे उघडले. हिंदुस्थानातून जाणाऱ्यांना तेथे उतरून दिवस काढावे लागत.

याच दशकात हिंदी यात्रेकरूला पारपत्र देण्याची पद्धत रूढ झाली. तुर्की सरकारचा तसा आग्रह होता. इंग्रज सरकारला ते नको होते असे नाही, पण धर्मात हात घातल्याचा आरोप येईल अशी त्याला भीती होती. म्हणून हा कागद फुकट आणि फारशी चौकशी न करता मिळे. १८८६ साली सरकारने हजच्या प्रवासाची व्यवस्था थॉमस कुक या प्रसिद्ध कंपनीकडे सोपविली. ती काही वर्षेच टिकली. १८९७ साली मुंबईत प्लेग असताना मात्र हजची वाटच बंद करण्यात आली.

या काळातील एक नाव आपण विसरता कामा नये. ते म्हणजे डॉ. अब्दुर रज्जाक यांचे. ते हिंदी मुसलमान डॉक्टर. १८८२ पासून जिद्द्याच्या इंग्रज वकिलातीत त्यांनी काम केले. बोटवाले, दलाल आणि क्वारंटाइनचे अधिकारी यात्रेकरूला कसे नाडतात, याचे अहवाल ते वर्षानुवर्षे लिहीत राहिले. १८९५ साली जिद्द्याबाहेर त्यांचा खून झाला. परदेशात अडकलेल्या गरीब माणसाची कैफियत लिहिणारा एक शिकलेला माणूस तेथे होता, ही गोष्ट लहान नव्हे.

यात्रेकरू गरीब असे. जाण्याचे भाडे जमवून निघावे, आणि परतीला पैसे नाहीत म्हणून जिद्द्याच्या रस्त्यावर बसावे, असे शेकडोंचे होई. म्हणून १९२५ साली कायद्यात दुरुस्ती होऊन परतीचे तिकीट अथवा तेवढी अनामत सक्तीची करण्यात आली. आमच्या आजोबांच्या तिकिटाचा जो अर्धा तुकडा पेटीत निघाला, त्यामागे हा इतिहास आहे. स्वातंत्र्यानंतरही हजसाठी साध्या पारपत्राऐवजी वेगळा यात्रेकरू पास देण्याची रीत चालू राहिली. त्या एका यात्रेपुरताच तो चाले. १९५९ साली तर रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. १९९५ साली मुंबई-जिद्दा बोट बंद झाली, आणि २००९ च्या हजपासून सौदी सरकारने प्रत्येक यात्रेकरूला आंतरराष्ट्रीय पारपत्र आवश्यक केले.

अक्षरांची भिंत

हजचा कागद एकीकडे. रोटीचा कागद दुसरीकडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपले लोक मोठ्या संख्येने दक्षिण आफ्रिकेत जाऊ लागले. रत्नागिरी व कुलाबा या भागांतील कोकणी मुसलमान केपटाऊनला स्थायिक झाले. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. गोऱ्या वसाहतींना हे लोक नको होते. पण राणीच्या प्रजाजनाला रंगावरून अडवतो, असे कायद्यात लिहिण्याची सोय नव्हती. त्यांनी काय युक्ती केली? नाताळ वसाहतीने १८९७ साली कायदा केला की, येणाऱ्याने युरोपातील एखाद्या भाषेत अर्ज लिहून दाखवावा. केप वसाहतीनेही १९०२ साली तसेच केले. कायद्यात रंगाचा शब्द नाही, अटकाव मात्र पुरा. पाच भाषा बोलणारा, उर्दू किंवा गुजराती सफाईने लिहिणारा व्यापारी त्या मेजापुढे एकदम निरक्षर ठरला. जे आधीपासून तेथे होते ते गावी आले, तर त्यांना मुदतीचा परवाना घेऊन यावे लागे. मुदत चुकली की परत जाण्याचा हक्क गेला.

ट्रान्सवालमध्ये याहून पुढची पायरी गाठली गेली. प्रत्येक आशियाई माणसाने नाव नोंदवून बोटांचे ठसे द्यावेत व तो दाखला सदैव जवळ बाळगावा, असा कायदा १९०७ साली झाला. त्याचा मसुदा पुढे येताच ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्ग येथे जी मोठी सभा झाली, तीत हाजी हबीब यांनी, हा कायदा मानणार नाही अशी शपथ आपण अल्लाला साक्षी ठेवून घेऊ, असे बोलून दाखविले. गांधीजींच्या सत्याग्रहाचा आरंभ त्या शपथेपासून धरतात. आणि १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात एका मोठ्या लोखंडी कढईत दोन हजारांहून अधिक दाखले रॉकेल ओतून जाळण्यात आले. हिंदू, मुसलमान, पारशी, सर्वांचे दाखले एकाच कढईत. कागदाच्या इतिहासातले हे सर्वांत तेजस्वी पान होय, असे मला वाटते. ज्यांनी ते दाखले जाळले त्यांना त्यांवर काय लिहिले आहे हे नीट समजलेले होते, ही गोष्ट लक्षात घ्यावी.

सगळ्या जगाला एक वही

१९१४ पूर्वी युरोपातील पुष्कळ देशांत पारपत्राशिवाय फिरता येत असे. पहिल्या महायुद्धाने ती दारे लावली. युद्ध संपल्यावर ती उघडतील असे लोकांना वाटले होते, ती उघडली नाहीत. १९२० च्या ऑक्टोबरात राष्ट्रसंघाच्या विद्यमाने पॅरिस येथे परिषद भरली व पारपत्राचा एक नमुना ठरला. पुठ्ठ्याचे वेष्टन, त्यावर देशाचे नाव व चिन्ह, आत ३२ पाने. आज आपल्या हातात असते ती वही याच नमुन्याची वंशज आहे. त्याच १९२० साली हिंदुस्थानात पारपत्राशिवाय प्रवेश करण्यास बंदी करण्याचे अधिकार देणारा कायदा झाला.

तरीही रत्नागिरीचा माणूस कराचीला जाई तो नुसत्या तिकिटावर. त्याला कोण अडवणार? १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराची हे आपल्या इलाख्याचेच दुसरे मोठे बंदर. कोकणातली माणसे तेथे गोदीत, बोटींवर काम करीत, मुली तेथे देत. दादीची थोरली बहीण तशीच कराचीला दिलेली.

१९४७ साली मध्ये सरहद्द आली. जुलै १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून येण्यास परमिट सुरू झाले. कामासाठी गेलेला माणूस स्वतःच्या घरी येण्यासाठी परमिट मागू लागला. १५ ऑक्टोबर १९५२ पासून पारपत्र आणि व्हिसा आले. हा व्हिसा देशाचा नसून शहरांचा असतो. ज्या शहराचे नाव लिहिले तेथेच जावयाचे, आणि पोहोचल्यावर पोलिसांत वर्दी द्यावयाची.

बहीण आजारी असल्याचे पत्र आले तेव्हा आजोबांनी दादीचे पारपत्र काढले. अर्ज लिहिला, फोटो लावले, त्या घराचा पत्ता, नाते, कारण सर्व भरले. मंजुरीची वाट पाहत असतानाच कराचीहून तार आली. दादीने ते पारपत्र कापडात गुंडाळून पेटीत ठेवले. तिने कोणाला बोल लावला नाही. एवढेच म्हणे, “पूर्वी आमची माणसं सांजच्याला बोटीत बसत.”

हक्क की मेहेरबानी?

पारपत्र मिळणे हा नागरिकाचा हक्क की सरकारची मेहेरबानी, हा प्रश्न स्वतंत्र भारतात वीस वर्षे लोंबकळत होता. एप्रिल १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतवंत सिंग सॉहनी यांच्या खटल्यात निकाल दिला की, परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि कायद्याशिवाय सरकारला तो नाकारता येणार नाही. मग त्याच वर्षी पारपत्रांचा कायदा झाला. १९७८ साली मेनका गांधी यांच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. कायदा असला तरी त्याची रीत न्याय्य व वाजवी असली पाहिजे, मनमानी चालणार नाही, असे त्याने सांगितले. आपल्या पारपत्राच्या आरंभी राष्ट्रपतींच्या नावे जगाला विनंती केलेली असते की, या माणसाला अडथळ्याविना जाऊ द्या व गरज पडल्यास मदत आणि संरक्षण द्या. किती जणांनी ते वाक्य वाचले आहे?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १९८३ साली परदेशी नोकरीस जाणाऱ्यांसाठी कायदा झाला. आखातातील व इतर काही देशांत मजुरीला जाणारा अल्पशिक्षित माणूस फसवला जाऊ नये, म्हणून त्याचा करार व मालक तपासून मगच परवानगी द्यावयाची, असा त्याचा हेतू. ज्याला ही तपासणी लागू आहे त्याच्या पारपत्रावर ‘ईसीआर’ अशी तीन अक्षरे छापलेली असतात. ती कोणाला नसतात? अन्य काही सवलती आहेत, पण सर्वसाधारण माणसासाठी उत्तर एकच, जो दहावी उत्तीर्ण आहे त्याला. २०१८ च्या जानेवारीत अशा लोकांना नारिंगी रंगाचे वेगळे पारपत्र देण्याचा विचार जाहीर झाला होता. त्याच महिन्यात, टीका झाल्यावर, तो मागे घेण्यात आला. रंग टळला, अक्षरे आहेत.

माझा एक विद्यार्थी होता. त्याचे नाव लिहीत नाही. हुशार, हिशेबात पक्का. वडिलांचे आजारपण आले आणि नववीनंतर तो शाळेत दिसेना. मी एकदा त्याच्या घरी गेलो. आई म्हणाली, “सर, पुढल्या महिन्यात पाठवते.” मी दुसऱ्यांदा गेलो नाही. परीक्षा होत्या, कामे होती. कारणे काय, सांगावी तितकी सापडतात. पुढे कळले की तो एका दलालामार्फत आखातात गेला. पारपत्रावर ईसीआर होते. परवानगीला वेळ लागतो असे सांगून दलालाने त्याला नोकरीच्या ऐवजी भेटीच्या व्हिसावर पाठविले. भेटीसाठी जाणाऱ्याला ती तपासणी नसते, ही पळवाट. तेथे मुदत संपली. मालकाने नोकरीचे कागद केले नाहीत, चार महिन्यांची मजुरी दिली नाही. तक्रार कोठे करणार? तक्रार करावयास गेला तर आधी तोच बेकायदा. अखेर दूतावासाने दिलेल्या फक्त परतीच्या प्रवासाच्या कागदावर तो घरी आला.

तो शाळेत मला भेटावयास आला तेव्हा मी त्याला विचारले, “अरे, व्हिसावर लिहिलेले असते. तू पाहिले नाहीस?”

तो म्हणाला, “सर, अक्षरे मला लागली होती. ‘ज़ियारा’ लिहिले होते. मला वाटले, ज़ियारत, म्हणजे चांगलाच शब्द असणार.”

वाचकहो, त्या मुलाने लहानपणी मकतबात कुराणशरीफ पुरे केले होते. अरबी अक्षर जुळवणे त्याला येत होते. अक्षरे जुळली, अर्थ जुळला नाही. ‘ज़ियारा’ म्हणजे केवळ भेट, काम नव्हे. हे त्याला सांगणारे कोणी नव्हते. नाताळच्या मेजापुढे १८९७ साली आपला माणूस उभा होता, तसाच हा मुलगा उभा होता. फरक इतकाच की, तेथे भिंत दुसऱ्याने मुद्दाम घातली होती. येथे ती आम्ही, म्हणजे मी धरून, पडू दिली नाही.

आपले काम

इकडे कागदही बदलत आहे. २०२५ च्या ऑक्टोबरपासून युरोपातील २९ देशांनी बाहेरच्या प्रवाशांच्या पारपत्रावर शिक्का मारण्याऐवजी चेहरा व बोटांचे ठसे यंत्रात नोंदविण्यास आरंभ केला आहे. म्हणजे कतयाची वाळू पुन्हा आली. पाऊल उमटते, मात्र ते आता आपल्याला दिसतही नाही. कागदावरचे निदान वाचता तरी येत होते. पुढील पिढीला अधिक शिकावे लागेल, कमी नव्हे.

म्हणून पालकांना माझे हात जोडून सांगणे आहे. मुलगा असो वा मुलगी, दहावीपूर्वी शाळा सोडू देऊ नका. घरात अडचण असेल तर शिक्षकाला सांगा, संस्थेला सांगा. शाळेच्या दाखल्यावरील नाव, जन्मतारीख आणि स्पेलिंग आजच तपासा. उद्या पारपत्रावर तेच येणार आहे. परदेशी जाणाऱ्याने व्हिसाचा प्रकार, मुदत व करारातील पगार, या तीन गोष्टी स्वतः वाचाव्यात अथवा जाणत्याकडून वाचून घ्याव्यात, आणि प्रत्येक कागदाची प्रत घरी ठेवावी. पारपत्र ही भारत सरकारची मालमत्ता आहे. दलालाकडे किंवा मालकाकडे गहाण ठेवण्याची ती वस्तू नव्हे. आणि माझ्या शिक्षक बंधु-भगिनींना एवढेच सांगतो की, शाळेत न आलेल्या मुलाच्या घरी दुसऱ्यांदा जा, तिसऱ्यांदाही जा.

गेली काही वर्षे मी दहावीच्या वर्गाला एक तास पारपत्र वाचावयास शिकवतो. नमुना म्हणून दादीचे पारपत्र नेतो. मुले ते हातोहात फिरवतात, फोटो पाहतात, अंगठा पाहतात आणि दरवर्षी कोणीतरी विचारतेच, “सर, यावर शिक्का का नाही?” मग मी त्यांना कराची, बोट आणि तार यांची हकीकत सांगतो. तो विद्यार्थी आता गावातच विजेची कामे करतो. गेल्या वर्षी त्याने बाहेरून दहावीचा फॉर्म भरला. त्या फॉर्मवर सही करण्यापूर्वी तो त्याने माझ्यासमोर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचला.